जुना ऑफिस डेस्कटॉप लॅनला जोडण्याआधी कंट्रोल-पी दाबा

ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्या चार-पाच वर्षांनी डेस्कटॉप बदलतात. ती यंत्रं रिफर्बिश होऊन आपल्याच भागात पुन्हा कामाला लागतात: वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपचं बिलिंग, वाशी एपीएमसीतल्या गाळ्यावरचं टॅली, नौपाड्यातलं सीएचं ऑफिस, घोडबंदर रोडवरचा दवाखाना. डेलचं ऑप्टिप्लेक्स, एचपीचं एलिटडेस्क, लेनोवोचं थिंकसेंटर ही यंत्रं मजबूत असतात, त्यांचे सुटे भाग मिळतात, आणि नव्या असेंबल्ड मशीनपेक्षा ती घ्यावीत असंच माझं मत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं मोठ्या कंपन्यांच्या कामाची राहिलेली नाहीत.

घेणारा रॅम बघतो, एसएसडीची हेल्थ बघतो, पंख्याचा आवाज ऐकतो. या यंत्रांत आणखी एक छोटा संगणक आहे, त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच आहे किंवा जुन्या कंपनीच्या आयटीवाल्याने ठेवलेला आहे, हे मात्र कुणी बघत नाही. विकणाराही सांगत नाही. त्याबद्दलच लिहितो आहे.

आतला संगणक म्हणजे नक्की काय

इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा स्वतंत्र छोटा प्रोसेसर असतो. त्याला आपण एमई म्हणू. सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ नंतरच्या चिपसेटांत, तो एक्स-८६ जातीचाच आहे आणि त्यावर मिनिक्स ३ वर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम चालते. त्याचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच साठवलेला प्रोग्रॅम, मदरबोर्डवरच्या बायॉसच्याच फ्लॅश चिपमध्ये असतो. तो ५ व्होल्ट स्टँडबायवर जगू शकतो, त्यामुळे विंडोज शट डाउन केलं तरी पॉवर केबल लागलेली असेपर्यंत तो जागा राहू शकतो.

एमई इंटेलच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात असतो आणि यंत्र सुरू करण्यातच त्याचा हात असतो. एएमटी, म्हणजे ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी, हा त्या एमईवर चालणारा एक प्रोग्रॅम. व्हीप्रो या नावाखाली २००६ पासून जे विकलं जातं त्याचा हा मुख्य भाग. एएमटी चालू असेल तर दुसऱ्या संगणकावरून हे यंत्र चालू-बंद करता येतं, बायॉसमध्ये शिरता येतं, स्क्रीन बघून कीबोर्ड-माउस चालवता येतो, दुसरीकडची आयएसओ फाइल (सीडीची हुबेहूब प्रत) जोडून त्यावरून बूट करता येतं. विंडोज मेलेलं असो, हार्डडिस्क काढलेली असो, काही फरक पडत नाही.

यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅकेटचा रस्ता. लॅनच्या चिपमध्येच गाळणी असते. टीसीपी पोर्ट १६९९२, १६९९३, १६९९४, १६९९५ वर आलेली पॅकेटं, तसंच ६२३ आणि ६६४ वरची, विंडोजपर्यंत पोचतच नाहीत, थेट एमईकडे वळतात. म्हणून विंडोज फायरवॉल, अँटिव्हायरस यांना ती दिसत नाहीत आणि अडवताही येत नाहीत. जून २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्लॅटिनम नावाच्या हल्लेखोर गटाबद्दल माहिती दिली. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या संस्था त्यांचं लक्ष्य होत्या आणि एएमटीच्या सिरियल-ओव्हर-लॅन (एसओएल) मार्गाने, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या सिरियल पोर्टमधून, ते फाइली हलवत होते. त्यात एएमटीचा कुठलाही बग वापरला नव्हता. सोय जशी बनवली आहे तशीच त्यांनी वापरली.

आपल्या यंत्रात आहे का

तीन गोष्टी एकत्र लागतात. पहिली, क्यू मालिकेतला चिपसेट: क्यू७७, क्यू८७, क्यू१७०, क्यू२७०, क्यू३७०, क्यू४७० वगैरे. एच किंवा बी मालिकेच्या बोर्डवर पूर्ण एएमटी मिळत नाही. दुसरी, व्हीप्रो चालणारा प्रोसेसर. इथे आय५ बघून फसू नका: आय५-६५०० मध्ये आहे, आय५-६४०० मध्ये नाही, आय५-८५०० मध्ये आहे, आय५-८४०० मध्ये नाही. तिसरी, बोर्डवरची इंटेलचीच लॅन चिप आणि तिच्या नावाच्या शेवटी एलएम, जसं आय२१९-एलएम. शेवटी नुसतं व्ही असेल तर एएमटी नाही.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस' दिसला म्हणून एएमटी आहे असं होत नाही, तो घरगुती यंत्रांतही दिसतो. पोर्ट्सच्या यादीत 'ॲक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी – एसओएल' असा कॉम पोर्ट दिसत असेल तर ती चांगली खूण आहे. पण ड्रायव्हरच टाकलेले नसतील तर तीही दिसणार नाही. काही यंत्रं कारखान्यातूनच एएमटी कायमचं बंद करून आलेली असतात, मोठ्या ग्राहकांनी तशी ऑर्डर दिलेली असते. तिथे तिन्ही गोष्टी जुळल्या तरी मेनू येत नाही आणि नंतर चालूही करता येत नाही.

सगळ्यात खात्रीचा मार्ग: यंत्र चालू करताना कंपनीचा लोगो आला की कंट्रोल आणि पी एकत्र दाबा. त्याने एमईबीएक्स, म्हणजे एमईच्या सेटिंग्जचा मेनू, उघडतो. डेलवर एफ१२ च्या बूट मेनूतही एमईबीएक्स नावाची नोंद दिसते. निळा-करडा मेनू उघडला आणि पासवर्ड मागितला, की एएमटी आहे. मेनू आला नाही तर बायॉसमध्ये एएमटीसाठी काही पर्याय आहे का बघा. तो बंद असेल तर तात्पुरता चालू करून पुन्हा प्रयत्न करा. आत काय ठेवलेलं आहे ते बघायलाच हवं.

यंत्र आलं त्या दिवशी

लॅन केबल लावू नका. आधी एमईबीएक्समध्ये जा आणि पासवर्ड म्हणून इंग्रजीत admin, सगळी छोटी अक्षरं, टाकून बघा... म्हणजे 'ॲडमिन'. हाच कारखान्यातला पासवर्ड आहे. तो चालला तर यंत्र कोरं आहे आणि लगेच नवा पासवर्ड मागितला जाईल.

हे किती साधं आहे याकडे एफ-सिक्युअर कंपनीच्या हॅरी सिंटोनेन यांनी जानेवारी २०१८ मध्ये लक्ष वेधलं. बायॉसला पासवर्ड असो, डिस्क विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शनने बंद असो, ज्याच्या हाती यंत्र एक मिनिट येईल तो एमईबीएक्समध्ये 'ॲडमिन' टाकून, पासवर्ड बदलून, नेटवर्कवरून प्रवेश चालू करून, समोर बसलेल्याची परवानगी मागायची अट काढून टाकू शकतो. त्यानंतर त्याच नेटवर्कवर असलं की झालं. बऱ्याच यंत्रांवर बायॉसचा पासवर्ड एमईबीएक्सला अडवत नाही. त्यामुळे 'बायॉस लॉक केलंय' हे उत्तर इथे पुरत नाही, एमईबीएक्सचा स्वतःचा पासवर्ड बदललेलाच हवा.

नवा पासवर्ड ८ ते ३२ अक्षरांचा लागतो: एक मोठं अक्षर, एक छोटं, एक अंक, एक चिन्ह. अंडरस्कोअर टाकता येतो पण तो चिन्ह म्हणून धरला जात नाही, आणि पासवर्ड का नाकारला जातोय हे कळत नाही. स्वल्पविराम, कोलन (:) आणि दुहेरी अवतरणचिन्ह चालत नाहीत. सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड देऊ नका. दहा यंत्रांचे दहा पासवर्ड, यंत्राच्या सिरियल नंबरासमोर लिहून, मालकाच्या कपाटात. आयटीवाला बदलतो, फोन बदलतो, तेव्हा हा कागदच कामाला येतो.

'ॲडमिन' चाललं नाही तर ते यंत्र जुन्या कंपनीच्या ताब्यात होतं असं धरा. डिस्क पुसली, नवीन विंडोज टाकलं, तरी एएमटीची मांडणी, म्हणजे त्यात भरलेली सेटिंग्ज, जात नाही, कारण ती डिस्कवर नसतेच, बोर्डवरच्या फ्लॅशमध्ये असते. जुना पासवर्ड माहीत असलेल्याला ते यंत्र अजूनही त्याचंच आहे. शिवाय त्यात सीआयआरए नावाची सोय मांडलेली असेल तर यंत्र स्वतःहून इंटरनेटवरून जुन्या कंपनीच्या सर्व्हरला हाक मारत राहील.

हे पुसायचं कसं? एचपीच्या बायॉसमध्ये पुढच्या बूटला एएमटी अनकॉन्फिगर करायचा पर्याय असतो. अनेक मॉडेलवर पॉवर केबल काढून, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढून किंवा आरटीसी क्लिअरचा जंपर फिरवून एमईची मांडणी कारखान्याच्या स्थितीला जाते. कुठला जंपर, किती वेळ, हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने पिन जोडू नका. मांडणी क्लायंट कंट्रोल मोडमधली, म्हणजे मर्यादित हक्कांची, असेल तर विंडोजमधूनच, ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने, इंटेलच्या ओपन एएमटी प्रकल्पातल्या आरपीसी या टूलने पासवर्डशिवाय काढता येते. ॲडमिन कंट्रोल मोडमधली, म्हणजे पूर्ण हक्कांची, असेल तर त्याला जुना पासवर्ड लागतो. यातलं काहीच जमलं नाही तर यंत्र परत करा. विकणाऱ्याने ते पुसून द्यायला हवं होतं, आणि दहा-बारा यंत्रं घेताना ही अट बिलाआधीच बोलून घ्यावी.

फर्मवेअरचा नंबर वाचा

१ मे २०१७ ला इंटेलने एक बग जाहीर केला, त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१७-५६८९. तो एम्बेडी कंपनीच्या मॅक्सिम माल्युटिन यांनी शोधला होता. एएमटीच्या वेबपेजवर लॉगिन करताना ब्राउझर पासवर्ड पाठवत नाही, त्यापासून काढलेला ३२ अक्षरांचा हॅश पाठवतो. फर्मवेअर तो आपल्याकडच्या हॅशशी जुळवून बघतं. चूक अशी होती की किती अक्षरं जुळवायची हे समोरून आलेल्या उत्तराच्या लांबीवरून ठरत होतं. उत्तर रिकामं पाठवलं तर शून्य अक्षरं जुळवली जात, आणि शून्य अक्षरं नेहमीच जुळतात. म्हणजे मांडणी केलेल्या कुठल्याही यंत्रात 'ॲडमिन' हे नाव आणि रिकामं उत्तर, एवढ्यावर पूर्ण ताबा. एएमटी ६ पासून ११.६ पर्यंतच्या आवृत्त्यांत, म्हणजे आज आपल्याकडे फिरणाऱ्या दुसऱ्या ते सातव्या पिढीच्या यंत्रांत, हा बग होता.

दुरुस्त आवृत्ती ओळखायची खूण सोपी आहे. एमई फर्मवेअरचा क्रमांक चार भागांत असतो. त्या काळातल्या फर्मवेअरमध्ये शेवटचा भाग चार अंकी आणि ३ ने सुरू होणारा असेल, जसं ८.१.७१.३६०८ किंवा ११.६.२७.३२६४, तर हा बग बुजवलेला आहे. शेवटचा भाग १ ने सुरू होत असेल तर ते यंत्र नेटवर्कला जोडू नका.

पण ही झाली किमान पायरी. नोव्हेंबर २०१७ मध्ये एमई ११ मधले आणखी गंभीर बग आले, पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या मार्क एर्मोलोव आणि मॅक्सिम गोर्याची यांनी शोधलेले. २०२० मध्ये जून आणि सप्टेंबरला एएमटीच्या नेटवर्क भागातले मोठे बग बुजवले गेले, आणि त्यांची तीव्रता मांडणी केलेल्या यंत्रांसाठी १० पैकी ९.८ धरली होती. तेव्हा कंपनीच्या साइटवर सर्व्हिस टॅग टाकून त्या मॉडेलसाठी असलेलं सगळ्यात शेवटचं फर्मवेअरच टाकायचं. इंटेलचं सीएसएमई व्हर्जन डिटेक्शन टूल विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि तुमची आवृत्ती असुरक्षित आहे का ते सरळ सांगतं.

अपडेट करताना डेस्कटॉप यूपीएसवर ठेवा. आधी बायॉस, मग एमई, कंपनीने वेगळा क्रम सांगितला असेल तर तो. काही मॉडेलच्या बायॉस अपडेटमध्येच एमई येतं. बिटलॉकर चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की हातात ठेवा. बिटलॉकरची किल्ली सांभाळणारी टीपीएम ही सोय काही यंत्रांत इंटेल पीटीटी या रूपात असते आणि ती एमईवरच चालते. तिथे एमई बदललं की बिटलॉकर ४८ अंकी की मागू शकतो, आणि ती की सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल तर डेटा गेला. अपडेट झाल्यावर यंत्र बंद करा, केबल अर्धा मिनिट काढून ठेवा, मग सुरू करा.

वापरायचं की बंद करायचं

एका जागी तीन-चार यंत्रं आहेत, कुणी आयटीवाला बाहेरून बघत नाही, काही अडलं तर शेजारच्या गल्लीतून माणूस येतो, अशा ठिकाणी बंद करा. एमईबीएक्समध्ये नवा पासवर्ड टाका, फुल अनप्रोव्हिजन करा, मॅनेजेबिलिटी फीचर सिलेक्शन डिसेबल करा. मग बायॉसमध्ये एएमटी आणि यूएसबी प्रोव्हिजन दोन्ही डिसेबल करून बायॉसला पासवर्ड लावा. यूएसबी प्रोव्हिजन विसरू नका: पासवर्ड कारखान्यातलाच असेल तर एका विशिष्ट फाइलचा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केलं की मांडणी आपोआप होते. विंडोजमधून इंटेलचे ड्रायव्हर किंवा एलएमएस सर्व्हिस काढून टाकणं म्हणजे बंद करणं नव्हे. तसं केल्याने विंडोज आणि एमई यांच्यातलं बोलणं थांबतं, बाहेरून येणारा रस्ता उघडाच राहतो.

पण ज्याच्याकडे ठाण्यात एक ऑफिस, तुर्भ्याला गोडाऊन आणि बेलापूरला दुसरं ऑफिस आहे, त्याला एएमटीचा फार उपयोग आहे. मध्यरात्री अपडेटनंतर तुर्भ्याचं मशीन निळ्या स्क्रीनवर अडकलं तर एनीडेस्क काही करू शकत नाही, कारण विंडोजच नाही. एएमटीने बायॉसपासून सगळं दिसतं, आणि सकाळी ऐरोली पुलावरच्या गर्दीत कुणाला पाठवावं लागत नाही. वेक-ऑन-लॅनशी याची बरोबरी नाही: तिथे पॅकेट पाठवलं तरी यंत्र उठलं की नाही कळत नाही, आणि पासवर्डही नसतो.

मांडणी अशी. बायॉसमध्ये एएमटी एनेबल. एमईबीएक्समध्ये एसओएल, स्टोरेज रिडायरेक्शन (दुसरीकडची आयएसओ जोडणं) आणि केव्हीएम (दुरून स्क्रीन, कीबोर्ड, माउस चालवणं) एनेबल. होस्टनेम विंडोजमधल्या नावासारखंच ठेवा. आयपी डीएचसीपीवर, म्हणजे राउटरकडून आपोआप मिळणारा. यूझर कन्सेंट म्हणजे समोरच्याची परवानगी: जिथे माणूस बसतो तिथे ती केव्हीएमसाठी ठेवा. स्क्रीनवर ६ अंकी कोड येतो, तो समोरच्याने फोनवर सांगितल्याशिवाय स्क्रीन दिसत नाही. कर्मचाऱ्याच्या खासगीपणाचा मान त्यात राहतो. कुणी बसत नाही अशा मशीनवरच 'नन' करा. पॉवर पॉलिसीत एस३, एस४-५ मध्येही, म्हणजे यंत्र झोपलेलं किंवा बंद असतानाही, एमई जागा राहील तो पर्याय निवडा. शेवटी 'ॲक्टिव्हेट नेटवर्क ॲक्सेस' करून बाहेर पडा. एवढं हाताने केलं की यंत्र ॲडमिन कंट्रोल मोडमध्ये येतं.

आता दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये या यंत्राचा आयपी आणि पोर्ट १६९९२ टाका. लॉगिन पेज यायला हवं. नाव 'ॲडमिन', इंग्रजी छोट्या अक्षरांत. मग विंडोज शट डाउन करून तेच पेज पुन्हा उघडा. बंद यंत्राने आपल्या रॅमची माहिती दाखवली की काम झालं. अगदी नव्या आवृत्त्यांत १६९९२ मिळत नाही, टीएलएसचा, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीचा, १६९९३ च वापरावा लागतो. उलट जुन्या आवृत्त्यांचं टीएलएस इतकं जुनं आहे की आजचे ब्राउझर ते नाकारतात, तिथे मेशसेंट्रलसारखं, दुरून यंत्रं सांभाळायचं टूल लागतं. तरी टीएलएस लावाच. त्याशिवाय लॉगिनचा पासवर्ड उघडा जात नाही हे खरं, पण एसओएलमध्ये तुम्ही टाइप केलेला बायॉसचा पासवर्ड उघडा जातो. व्हीएनसीचा (दुरून स्क्रीन बघायच्या जुन्या पद्धतीचा) पोर्ट ५९०० मात्र बंदच असू द्या. त्याचा पासवर्ड बरोबर ८ अक्षरांचाच असावा लागतो.

चालत नाही तेव्हा

आपल्याकडचं पहिलं कारण: रात्री ऑफिस बंद करताना मेन स्विच खाली ओढतात. स्टँडबाय वीजच नाही तर एमई कुठून जागा राहणार! जे यंत्र रात्री लागणार आहे त्याचं सॉकेट, आणि त्याबरोबर राउटर आणि स्विचचं सॉकेट, वेगळ्या लाइनवर घ्यावं लागतं. वीज जाऊन परत येते तेव्हासाठी बायॉसमध्ये एसी रिकव्हरी 'लास्ट स्टेट'वर ठेवा.

वीज असूनही बंद यंत्र उत्तर देत नसेल तर डेलच्या बायॉसमध्ये डीप स्लीप कंट्रोल डिसेबल करा. एचपीवर एस५ मॅक्सिमम पॉवर सेव्हिंग्ज, इतरांवर ईआरपी, नावं वेगळी पण काम एकच: बंद असताना लॅन चिपची वीज तोडणं.

स्क्रीन काळी दिसते, बाकी सगळं चालतं? केव्हीएम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच चालतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावून मॉनिटर त्यावर असेल तर काही दिसणार नाही. मॉनिटरच नसेल तरीही बऱ्याच यंत्रांवर चित्र तयार होत नाही, तिथे डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआयचा डमी प्लग लावा.

त्याच यंत्रावरून स्वतःचा आयपी टाकून तपासू नका. पॅकेट बाहेर जाऊन लॅन चिपमधून परत आत येत नाही, म्हणून 'पोर्ट बंद आहे' असा खोटा दिलासा मिळतो. एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या टूलने तपासणी करायची तर दुसऱ्या यंत्रावरून, ६२३, ६६४ आणि १६९९२ ते १६९९५ या पोर्टवर, पूर्ण सबनेटची.

विंडोजला हाताने स्टॅटिक आयपी दिलाय आणि एएमटी डीएचसीपीवर आहे, हा घोळ फार दिसतो. दोघांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे लॅन चिपचा ओळख क्रमांक, एकच असतो. डीएचसीपीवर असताना एएमटी विंडोजचाच आयपी वापरतं, पण विंडोज स्टॅटिक केलं की दोघांची ताटातूट होते. उपाय सोपा आहे: दोन्ही डीएचसीपीवर ठेवा आणि राउटरमध्ये त्या मॅकला आयपी राखून ठेवा.

स्विचचा पोर्ट १ गिगाबिटवर जखडू नका. यंत्र बंद झालं की लॅन चिप वीज वाचवायला कमी वेगावर उतरते आणि लिंक तुटते, म्हणून ऑटो-निगोशिएशन हवं. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलचं वर्तुळ झालं तर अडवणारी सोय) चालू असेल तर या पोर्टना पोर्टफास्ट द्या, नाहीतर लिंक बदलली की ३० सेकंद काहीच जात नाही आणि रिमोटवरून नेमकी बायॉसची स्क्रीनच हुकते.

पावसाळ्यात वीज कडाडली की लॅन पोर्ट जळतात. मग दुकानदार यूएसबी किंवा पीसीआय-ई लॅन कार्ड लावून देतो आणि इंटरनेट चालू होतं, पण एएमटी त्या यंत्रापुरतं संपलं. ते फक्त बोर्डवरच्या इंटेल पोर्टवरच असतं.

आणि तो सीआर२०३२ सेल. आठ वर्षं जुन्या यंत्रात तो मेलेला असतो. ज्या मॉडेलवर सेल काढल्याने मांडणी पुसते, तिथे मेलेला सेल आणि रात्रीचा खाली ओढलेला मेन स्विच मिळून तेच करतात: सकाळी यंत्र पुन्हा कोरं, पासवर्ड पुन्हा 'ॲडमिन'. घड्याळ मागे पडतंय अशी तक्रार आली की सेल बदला आणि एमईबीएक्स पुन्हा तपासा. मी तर यंत्र विकत आणल्याच्या दिवशीच सेल बदलावा म्हणेन, तो पंचवीस-पन्नास रुपयांच्या घरातला खर्च आहे.

रिमोटवरून आयएसओ जोडून विंडोज टाकायच्या फंदात पडू नका. पाच जीबीची फाइल या रस्त्याने असह्य हळू जाते. छोटं रेस्क्यू लिनक्स बूट करा, किंवा विंडोजचा पेनड्राइव्ह यंत्राला आधीच लावून ठेवा आणि एएमटीने फक्त बूट ऑर्डर बदला. लॅपटॉपवर वाय-फायने एएमटी चालतं, पण वाय-फायचं प्रोफाइल एएमटीमध्ये वेगळं भरावं लागतं आणि झोपलेला लॅपटॉप चार्जरला लागलेला असेल तरच ते उत्तर देतं.

राउटरपाशी

हे पोर्ट इंटरनेटवर कधीही फॉरवर्ड करू नका. 'घरून बघता यावं' म्हणून अख्खं मशीन डीएमझेडमध्ये टाकायची सवय तर याहून घातक, त्यात हे सगळे पोर्ट न सांगता उघडे पडतात. व्हीपीएनने आत या. ऑफिसची लाइन सीजीनॅटच्या मागे असेल, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक आयपी वाटलेला असेल, आपल्याकडे लहान ब्रॉडबँडवाल्यांच्या बऱ्याच लाइनी तशाच असतात, तर सीआयआरए उपयोगी पडतं: एएमटी स्वतः बाहेर तुमच्या मेशसेंट्रल सर्व्हरच्या ४४३३ पोर्टला जोडलं जातं. त्यात एक अडचण असते. डीएचसीपीतून मिळालेला डीएनएस सफिक्स (नेटवर्कचं नाव) एएमटीमध्ये घराचा म्हणून नोंदवलेल्या सफिक्सशी जुळला, तर ते स्वतःला घरीच समजतं आणि बाहेर हाक मारत नाही.

पाहुण्यांचं वाय-फाय वेगळ्या व्हीएलएएनवर, म्हणजे स्विचवरच वेगळ्या केलेल्या नेटवर्कवर, हवंच. दवाखान्यात पेशंटला दिलेला वाय-फाय पासवर्ड आणि रिसेप्शनचं मशीन एकाच सबनेटमध्ये असेल तर मधे राउटर येतच नाही, मग राउटरच्या फायरवॉलचा काय उपयोग.

एएमडीच्या रायझेन प्रो यंत्रांत याच कामासाठी डॅश नावाचं खुलं मानक आहे आणि त्याचे पोर्ट ६२३ आणि ६६४. त्यातला सिक्युअर प्रोसेसर एआरएम जातीचा असतो, पण तो डॅशपेक्षा वेगळा भाग आहे. तिथेही नियम तोच: बायॉसमध्ये डॅश आहे का बघा, वापरत नसाल तर बंद करा.

काही जण विचारतात, एमईच पूर्ण बंद करता येत नाही का? २०१७ मध्ये एचएपी नावाचा एक बिट उघडकीला आला, अमेरिकी सरकारी गरजेसाठी ठेवलेला, जो यंत्र सुरू झाल्यावर एमईला थांबवतो. तो बदलायला फ्लॅश चिपवर क्लिप लावून प्रोग्रॅमरने वाचून-लिहावं लागतं. बाजारातला काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर डेटा लाइनवर ५ व्होल्ट देतो, चिप ३.३ ची असते. पीटीटी जातो, आणि टीपीएम त्यावरच असेल तर त्याबरोबर बिटलॉकर अडतं आणि विंडोज ११ ची टीपीएमची अटही पूर्ण होत नाही. प्रयोग म्हणून जरूर शिका, पण जीएसटीचं रिटर्न ज्या मशीनवर भरलं जातं त्यावर नको. तिथे शेवटचं फर्मवेअर आणि बंद केलेलं एएमटी पुरेसं आहे.

यंत्र पुढे विकताना किंवा भंगारात देताना डिस्क काढून घेतो तसंच एमईबीएक्समध्ये जाऊन फुल अनप्रोव्हिजन करा, पासवर्ड कारखान्याचा करता येत नसेल तर साधा ठेवून बिलावर लिहून द्या. घेणाऱ्याला त्याचा स्वतःचा टाकता आला पाहिजे.